अपस्माराचे औषध आणि घरातील दक्षता
अपस्मार, म्हणजेच फिट्स येणाऱ्या बालकांच्या उपचारांचा मोठा भाग रुग्णालयात नव्हे, तर घरी पार पडतो. झटके थांबले की आजार बरा झाला असे समजून, वा खर्चापोटी, काही पालक औषध परस्पर बंद करतात. औषध अचानक तुटल्यास झटके पुन्हा उद्भवतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. साधारणतः दोन वर्षे झटक्यांविना गेल्यावर डॉक्टरच मात्रा हळूहळू कमी करतात.

पातळ औषध घरातील चमच्याने न मोजता खुणा असलेल्या, सुई नसलेल्या सिरिंजने मोजावे. व्हॅल्प्रोएट सिरपच्या ५ मि.लि.मध्ये बहुधा २०० मि.ग्रॅ. औषध असते, म्हणून नवी बाटली घेताना हे प्रमाण जुन्या बाटलीशी पडताळावे. राहून गेलेली मात्रा भरून काढण्यासाठी दुप्पट औषध देऊ नये. प्रत्येक मात्रेची वहीत नोंद करावी.

झटका आल्यास बालकास कुशीवर वळवावे. तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. ५ मिनिटांत झटका न थांबल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

गरजू बालकास दात्यांच्या साहाय्यातून मिळणारे औषध दरमहा अखंड मिळत राहणे अगत्याचे आहे, ते याचसाठी.