वास गेला म्हणजे वायू गेला असे नाही

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी बातमी येते. मैल्याची टाकी साफ करायला एक मजूर आत उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला. त्या दोघांना काढायला तिसरा गेला. शेवटी ‘गुदमरून मृत्यू’ अशी नोंद होते आणि आपण पान उलटतो. गावे बदलतात, क्रम मात्र तोच राहतो. पहिला माणूस पोटासाठी उतरलेला असतो, दुसरा आणि तिसरा केवळ माणुसकीपोटी. निदान हे मागून जाणारे जीव तरी वाचावेत, यासाठी आजचा हा लेख.

अशा दुर्घटनांमागे बहुतेक वेळा जो वायू असतो, त्याचे नाव हायड्रोजन सल्फाइड. शास्त्र शाखेत शिकलेल्यांना प्रयोगशाळेतले किपचे उपकरण आठवत असेल. त्यातून येणारा सडक्या अंड्यांचा वास म्हणजेच हा वायू. खनिज तेल आणि नैसर्गिक वायूच्या विहिरी, तेल शुद्धीकरण, कातडी कमावणे, कागदाचा लगदा अशा उद्योगांत तो हमखास भेटतो. पण त्यासाठी मोठ्या कारखान्यापर्यंत जायला नको. जिथे सेंद्रिय घाण हवेविना कुजते, तिथे तो तयार होतो. घरामागची सेप्टिक टाकी, गटाराचे मॅनहोल, गोबरगॅसचा खड्डा, आसवनीच्या सांडपाण्याची टाकी, सांडपाणी झिरपलेली जुनी विहीर, ही सगळी त्याची घरे आहेत. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो.

नाक फसवते

हा वायू हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहून कमी असला तरी नाकाला कळतो. म्हणून लोकांना वाटते, धोका असेल तर वास येईलच. इथेच घात होतो. त्याचे प्रमाण दहा लाखांत सुमारे शंभर भागांवर गेले की काही मिनिटांतच वास घेणारी नस बधिर होते आणि वास येईनासा होतो. मजूर वरच्या माणसाला सांगतो, “आता वास कमी झाला, उतरतो.” वास कमी झालेला नसतो, नाक बंद पडलेले असते.

याहून पुढे गेले की फुप्फुसांत पाणी भरू लागते. पाचशे-सातशे भागांवर माणसाला चक्कर येऊन काही मिनिटांत तो कोसळतो. हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते आणि श्वास थांबतो. ओरडायला किंवा दोर हलवायलाही वेळ मिळत नाही. कारण हा वायू फक्त हवेची जागा अडवत नाही. तो शरीरातल्या पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. सायनाइडचे विष काम करते तसाच हा प्रकार. म्हणून दणकट पैलवान गडीही इथे टिकत नाही. तोंडाला बांधलेला ओला रुमाल किंवा साधा मास्क याला अडवू शकत नाही.

कंदिलाची परीक्षा

आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील किंवा मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. ज्योत विझली तर उतरायचे नाही. पण ज्योत फक्त प्राणवायू फार कमी आहे का, एवढेच सांगते. हजार भाग म्हणजे हवेच्या शेकडा ०.१ टक्का. एवढ्याने माणूस मरतो, ज्योत मात्र मजेत जळत राहते. वर भीती दुसरीच. हायड्रोजन सल्फाइड हवेत ४ टक्क्यांच्या पुढे गेला तर पेट घेतो, आणि अशा टाक्यांत त्याच्या जोडीला असणारा मिथेन ५ टक्क्यांच्या सुमारास पेटतो. म्हणजे ज्योत जळत राहिली तर खोटा धीर मिळतो, आणि वायू पेटण्याजोगा असेल तर भडका उडतो. टाकीचे झाकण उघडल्यावर जवळ विडी, काडी, कंदील काहीही नको.

आणखी एक समजूत अशी, की झाकण रात्रभर उघडे ठेवले म्हणजे टाकी निर्धोक झाली. वरची हवा बदलते हे खरे, पण बराचसा वायू गाळात अडकलेला असतो. कोणी आत उतरून फावडे मारले की तो एकदम उसळून वर येतो. टाकीत ॲसिड ओतणेही असेच घातक. गाळातल्या सल्फाइडवर ॲसिड पडले की किपच्या उपकरणातली क्रियाच तुमच्या टाकीत होते.

हे दुखणे नवे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. शौचकूप उपसणाऱ्यांचे डोळे जळून लाल होतात आणि त्यांच्या खिशातली तांब्या-चांदीची नाणी काळी पडतात, हे त्यांनी नोंदवले होते. माझ्या दवाखान्यातही टाकीच्या कामावरून आलेला एक गडी डोळ्यांची आग आणि डोकेदुखी सांगत बसला होता. त्याच्या बोटातली चांदीची अंगठी काळी ठिक्कर पडली होती. मोठ्या प्रमाणावर हा वायू सुटला तर काय होते, ते मेक्सिकोतल्या पोझा रिका गावाने पाहिले. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये एका पहाटे तिथल्या वायू प्रकल्पातून तो बाहेर पडला. २२ माणसे दगावली, ३२० जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

आत कोणी कोसळले तर

पहिली गोष्ट: त्याच्यामागे उतरू नका. हे लिहिताना हात जड होतो, कारण आत आपला भाऊ किंवा मुलगा असू शकतो. पण जे दोन श्वास त्याला नडले, तेच तुम्हालाही नडणार. अग्निशमन दलाला १०१ आणि रुग्णवाहिकेला १०८ क्रमांकावर ताबडतोब कळवा. त्याच्या कमरेला दोर असेल तर वरूनच ओढा. स्वतंत्र हवेची नळकांडी असलेले श्वसनयंत्र घातलेल्या प्रशिक्षित माणसानेच आत जावे.

बाहेर काढल्यावर त्याला टाकीपासून दूर, वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला मोकळ्या हवेत न्या. घाणीने भिजलेले कपडे काढा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. तो वायू तुमच्या पोटात जाईल. कांदा हुंगवणे, पाणी पाजणे यात वेळ घालवू नका. डोळे स्वच्छ पाण्याने धुवा. तो उठून बसला, बोलू लागला, तरी रुग्णालयात नेलाच पाहिजे. फुप्फुसांत पाणी काही तासांनीही भरू शकते. डॉक्टरांना टाकीत किंवा गटारात घडल्याचे आवर्जून सांगा, म्हणजे प्राणवायूचा उपचार लगेच सुरू होईल.

मुळात उतरायचेच कशाला?

सेप्टिक टाकी दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणाऱ्या गाडीकडून रिकामी करून घ्यावी. ती नळी टाकून बाहेरूनच काम करते. जिथे उतरणे टळतच नाही, अशा कारखान्यांत आधी वायुमापक यंत्राने तपासणी, सतत खेळती हवा, श्वसनयंत्र, कमरपट्टा आणि दोर धरून वर उभा असलेला माणूस, यातले एकही कमी चालणार नाही.

संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात वा सेप्टिक टाकीत सफाईसाठी उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही बंदी घरमालकालाही लागू आहे. गटारात मृत्यू आल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे.

गाडीचे भाडे जास्त पडते, माणूस स्वस्तात मिळतो, असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो. पुढच्या वेळी टाकी भरेल तेव्हा भाव ठरवताना दोरखंड खांद्यावर टाकून दारात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे एकदा पाहा, आणि गाडीच बोलवा.