थरथरतं पातं

जुनी शहाबादी फरशी न उखडता तिच्यावरच नव्या टाइल्स बसवायच्या ठरल्या, की अडचण दाराच्या चौकटीपाशी येते. टाइल चौकटीखाली सरकवायची तर चौकटीचा पाय तेवढ्या जाडीने कापावा लागतो. तिथे करवत नीट आडवी चालत नाही, पटाशीने लाकूड फुटतं आणि लाकडावर ग्राइंडर चालवणं निव्वळ धोक्याचं. हिंगोली-वसमतकडच्या जुन्या सागवानी चौकटींचं हे काम ऑसिलेटिंग मल्टी-टूल काही मिनिटांत करतं. पण यंत्र निवडण्यापेक्षा त्याचं पातं निवडायला अधिक समज लागते.

या यंत्राचं पातं गोल फिरत नाही, डावी-उजवीकडे थरथरतं. कोन जेमतेम 3 अंशांचा, पण ही थरथर मिनिटाला 20,000 वेळांपर्यंत होते. अक्षापासून 8 सेंटिमीटरवरचं टोक दर वेळी फक्त 4 मिलिमीटर सरकतं. हिशोब केला तर त्याचा कमाल वेग सेकंदाला 4 ते 5 मीटर निघतो. मिनिटाला 11,000 फेरे घेणाऱ्या 4 इंची ग्राइंडरच्या चकतीची कड सेकंदाला सुमारे 58 मीटर वेगाने धावते. म्हणूनच मल्टी-टूल हातातून उसळत नाही आणि सुरुवातीलाही रेघेवर टिकतं.

हे तत्त्व आलं दवाखान्यातून. अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ होमर स्ट्रायकर यांना प्लास्टर कापायच्या अशा करवतीचं पेटंट 1947 मध्ये मिळालं. कडक प्लास्टर जागचं हलत नाही म्हणून कापलं जातं. खालची त्वचा मात्र पात्यासोबत मागे-पुढे हलते. पुढे श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने ही थरथर कारागिरांच्या हातात दिली. घरातल्या यंत्राची पाती मात्र धारदार दातांची असतात. ती बोट कापतात, हे विसरू नये.

थरथरीची उणी बाजू म्हणजे भुसा. फिरती चकती तो बाहेर फेकते, इथे तो फटीतच घोळतो, घर्षण वाढतं आणि दात तापतात. साध्या कार्बन पोलादाचे दात 200-250 अंशांच्या पुढे मऊ पडू लागतात. त्यात सागाच्या लाकडात मुळातच सिलिकाचे बारीक कण असतात, ते धार खातात. म्हणून साग कापताना अधूनमधून पातं बाहेर काढावं, हलकेच डोलवत कापावं, जोर लावू नये. धूर दिसला तर थांबावं.

जुन्या चौकटीत खिळा कुठे लपलाय ते सांगता येत नाही. तिथे बायमेटल पातं घ्यावं: लवचिक पाठीला हायस्पीड स्टीलचे दात जोडलेले असतात, ते सुमारे 600 अंशांपर्यंत कडकपणा टिकवतात. खिळा लागला की वेग कमी करावा. भिंतीचा गिलावा मात्र या पात्याचा काळ आहे. वाळूतली गारगोटी पोलादाहून कठीण, दात पाहता पाहता गुळगुळीत होतात. गिलावा आणि टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राउट यांच्यासाठी टंगस्टन कार्बाइडचे कण बसवलेलं, बिनदातांचं पातं लागतं. तिथे उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते, म्हणून रुमाल न बांधता चांगला मास्कच लावावा. भिंतीत घुसण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. बॅटरीवरचं यंत्र इथे सोयीचं.

यंत्र घेताना पात्याची बसक पाहावी. 2016 मध्ये बॉश आणि फाइन यांनी स्टारलॉक ही पकड आणली. तिच्यातही तीन प्रकार आहेत आणि सर्वांत वरच्या प्रकारची पाती साध्या यंत्रात बसत नाहीत. आपल्या यंत्राची पाती गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात का, हे आधी विचारावं. वेग कमी-जास्त करायची सोय हवीच. वीस-तीस पात्यांच्या स्वस्त संचाऐवजी मी एक चांगलं बायमेटल पातं घ्यायला सांगेन. कार्बाइडचं पातं टाइलचं काम निघेल तेव्हा आणावं.