वळवाआधी गार वारा का सुटतो?

मे महिन्यात अमळनेरच्या मळ्यांत पारा ४३-४४ अंशांवर जातो. दुपार कलली की ढग दाटतात आणि थेंब पडण्याआधीच गार वारा झोडपू लागतो. ढगातून सुटलेला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतो. आटताना तो हवेतली उष्णता घेतो. गार, जड झालेली हवा खाली कोसळते आणि फरशीवर ओतलेल्या बादलीभर पाण्यासारखी चौफेर पसरते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा जोर चौपट! रावेर-यावलच्या केळीबागा उगाच आडव्या होत नाहीत.

म्हणून तारांवर झुकलेल्या कडुनिंबाच्या फांद्या महावितरणला कळवून एप्रिलमध्येच छाटून घ्या. पिण्याचं पाणी आधीच भरून ठेवा, कारण विजेविना पंप चालणार नाही. तुटलेल्या तारेजवळ मात्र जाऊ नका; १९१२ वर फोन करा.