‘सूर्या’चा फोटो काढणारं बारीक छिद्र

औसा : ग्रहणाच्या दिवशी लिंबाखालची जमीन कधी निरखून पाहिली आहे? पानांच्या फटींतून पडणारे एरवीचे गोल कवडसे त्या दिवशी चंद्रकोरीसारखे दिसतात. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र आणि फट हाच कॅमेरा. हीच जुनी युक्ती लेसर फ्यूजनच्या प्रयोगात कामी येते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ‘नॅशनल इग्निशन फॅसिलिटी’मध्ये १९२ लेसर झोत सोन्याच्या छोट्या डबीत सोडतात. डबीच्या भिंतींतून एक्स-रे निघतात आणि आतली २ मिलिमीटरची, हायड्रोजन भरलेली गोळी चहूबाजूंनी दाबली जाते. धगधगता गाभा जेमतेम केसाच्या जाडीएवढा उरतो. खेळ सुमारे १०० पिकोसेकंदांत आटोपतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा फक्त ३ सेंटिमीटर पुढे जातो.

मग फोटो काढायचा कसा?

गाभ्यातून एक्स-रे बाहेर पडतात. पण साधं काचेचं भिंग त्यांची प्रतिमा बनवू शकत नाही. म्हणून धातूच्या पत्र्याला साधारण १० मायक्रॉनची अनेक छिद्रं पाडतात. प्रत्येक छिद्रातून एक प्रतिमा मागच्या पट्टीवर पडते. पट्टीवरून विजेचा झटका धावतो आणि तो जिथे पोचेल तेवढाच भाग क्षणभर जागा होतो. शेजारच्या प्रतिमा त्यामुळे पुढच्या-पुढच्या क्षणांच्या असतात. झाला सिनेमा!

या सिनेमानेच अपयशाची कारणं दाखवली. कधी गोळी पेढ्यासारखी चपटी झालेली, कधी गाभ्यात नको तिथे चमकदार ठिपके. ठिपके म्हणजे कवचाचा कचरा आत घुसून उष्णता पळवतो आहे. एक वाट होती इंधन भरायच्या नळीची. ती १० मायक्रॉनवरून २ मायक्रॉनपर्यंत बारीक केली गेली.

५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळाली.

म्हणजे लोडशेडिंग संपणार?

इतक्यात नाही. मिळालेली ऊर्जा विजेच्या एका युनिटपेक्षाही कमी आहे, तर लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिट वीज लागली.

लातूर पॅटर्नच्या मुलांचं लक्ष ‘नीट’ आणि ‘जेईई’वर, त्यांना एक्स-रे म्हणजे मोडलेलं हाड. पण लेसरने तापवलेल्या प्लाझ्मावर संशोधन करायला अमेरिकाच गाठावी लागत नाही. ते इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्येही चालतं.