झांजेचे चार ठोके

मैत्रिणींनो, मुलाचा कार्यक्रम म्हटला की घरात काय धांदल उडते, ते तुम्हांला मी वेगळं सांगायला नको. सदऱ्याला इस्त्री, पाहुण्यांना निरोप, आणि मनातून एकच इच्छा, आपलं लेकरू पुढच्या रांगेत दिसावं! गेल्या जानेवारीत बोईसरला आमच्या चिरंजीवांच्या संगीतवर्गाचा वाद्यवृंद झाला, तेव्हा माझंही तेच झालं होतं.

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याला गणेशोत्सवातला सिनेगीतांचा कार्यक्रम आठवतो. हा तसा नव्हता. गाणारं कुणी नाही, नुसती वाद्यं. आकाशवाणीने १९५२ साली दिल्लीला वाद्यवृंद सुरू केला, पंडित रविशंकरांनी त्याची धुरा वाहिली. त्याच वाटेवरचा मुलांचा हा छोटासा प्रयत्न. पेट्या, बासऱ्या, व्हायोलिनं, तबले, एक सतार. आणि आमच्या वाट्याला काय? तर झांज!

सात मिनिटांची भूप रागातली रचना, आणि तीत झांजेचे ठोके मोजून चार. स्वयंपाकघरात फोनवर बोलताना मी नणंदेला म्हणून गेले, "अहो वन्सं, नुसती झांजच आहे. पण या हं नक्की." वळून बघते तर दारात चिरंजीव उभे! तो काही बोलला नाही. घरचा सराव मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद. विचारलं तर म्हणाला, "झांजच तर आहे." माझाच शब्द माझ्या पदरात पडला.

शेवटी मी त्याच्या सरांना भेटले. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. आंतोनिन द्वोर्झाक या चेक संगीतकाराची 'न्यू वर्ल्ड' नावाची सिंफनी १८९३ साली न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजली. सुमारे चाळीस मिनिटांची ती रचना, आणि त्यात झांजेचा ठोका एकच, तोही हलका! "मग तो वाजवणारा बाकीचा वेळ काय करत असेल, बाई?" सरांनी विचारलं. "ऐकतो आणि मोजतो. तुमचा मुलगा काय मोजतो, ते एकदा त्याला विचारा."

मी विचारलं, पण माझ्यावरचा राग गेलेला नव्हता. त्याने सांगितलं ते आजीला. सासूबाई पालघरहून दोन दिवस आधीच आल्या होत्या. तीनतालाच्या सोळा मात्रा. अशी आठ आवर्तनं झाली की पुढच्या समेवर ठोका. म्हणजे एकेका ठोक्याआधी १२८ मात्रा मोजायच्या! सासूबाईंना ते कठीण वाटलं नाही. जपाला बसतात तशा त्या बोटांची पेरं आणि टोकं मोजू लागल्या. एका बोटावर चार, चार बोटांवर सोळा.

कार्यक्रमाच्या दिवशी ह्यांनी कारखान्यातली पाळी बदलून घेतली. वन्सं पालघरहून लोकलने आल्या. पडदा उघडला आणि माझा जीव खट्टू झाला. पोर शेवटच्या रांगेत, तबलेवाल्याच्या मागे, अर्धंच दिसत होतं. तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात मांडीवर ओढून घेतला. "सूनबाई, मोजा," म्हणाल्या, आणि माझ्याच पेरांवर त्यांचं बोट फिरू लागलं.

खरं सांगू? त्या क्षणापासून मला ऐकू यायला लागलं. पेट्या कुठे थांबतात, बासऱ्या कुठे उचलून घेतात, सतार एकटी कधी येते. सहा आवर्तनं, सात, आठ... आणि झन्न! बरोब्बर समेवर. तिसऱ्या फेरीत बासऱ्या घाईला आल्या, पोरंच ती! आमची मोजणी चुकली, मी श्वास रोखून धरला. त्याने तबल्याकडे बघितलं, जरा थांबला, आणि समेवरच ठोका दिला. बासऱ्या पुन्हा जागेवर आल्या.

परतताना त्याने हळूच विचारलं, "आई, तू मोजत होतीस?"

"हो रे. तिसऱ्यांदा चुकले."

"मी नाही चुकलो."

"नाहीस. आणि 'नुसती झांज' म्हणाले ना मी, तेही माझंच चुकलं."

तर मैत्रिणींनो, तुमच्याकडे असा प्रसंग येईल तेव्हा आधी आठवडाभर मुलालाच आपला गुरू करा. तो काय वाजवणार, कधी थांबणार, ते त्याच्याकडून शिकून घ्या. शेजाऱ्यांचा विचार करून सरावाच्या वेळी झांजेला फडकं बांधा. निघण्यापूर्वी मुलाला पोटभर पण हलकं खाऊ घाला. सभागृहात चिवड्याच्या पिशव्या नकोत. आणि मोबाइल पर्समध्येच राहू द्या. आमच्या वन्संनी उभं राहून सगळं चित्रण केलं, घरी येऊन बघतो तर पुढच्यांची डोकी आणि वन्संचंच "कुठाय तो, कुठाय?"

मोठा वाद्यवृंद ऐकायची हौस असेल, तर एखाद्या सुट्टीत मुलांना घेऊन चर्चगेट गाठा. नरिमन पॉइंटच्या 'एनसीपीए'त २००६ साली स्थापन झालेला 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' आहे. आपल्या भागाशी त्याचं एक नातंही आहे, बरं का! ज्या होमी भाभांनी देशाच्या अणुशक्तीचा पाया घातला, त्यांचे धाकटे बंधू जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. तारापूरचं अणुवीज केंद्र आणि 'एनसीपीए', दोन्ही १९६९ सालीच सुरू झाली.

आमच्याकडे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच ओट्यावरची दोन झाकणं नाहीशी झाली, आणि बाहेरच्या खोलीतून मोजण्याचा आवाज येऊ लागला. भाजी उघडीच शिजवली मी. झाकणं मागितली नाहीत.