डोंग्याच्या मोटारीला ब्रेकर लावा, पण घरचा एमसीबी नको



१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. जाळी विणायची, डोंगा दुरुस्त करायचा हाच वेळ. ज्यांच्याकडे बॅटरीवर चालणारी मोटर आहे त्यांनी यंदा तिची वायरिंगही बघून घ्या. राजीव सागरात असो की वैनगंगेत, काठापासून दूर वायर पेटली तर पळायला जागा नसते.

पुष्कळ जण म्हणतात, "१२ व्होल्टचा कुठं झटका बसतो?" खरं आहे, झटका बसत नाही. पण आग लागते. बॅटरीच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या की शेकडो अँपिअर करंट एकदम वाहतो आणि वायर क्षणात लाल होते. पंख्यात जाळं किंवा जलकुंभी अडकली तरी मोटर जास्त करंट ओढते. अशा वेळी ब्रेकर पडला पाहिजे.

घरचा एमसीबी का नको?
घरातली वीज एसी असते. ती सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, म्हणून एमसीबीतली ठिणगी लगेच विझते. बॅटरीची वीज डीसी. ती शून्यावर येतच नाही, त्यामुळे ठिणगी चालू राहून आतला भाग जळू शकतो. म्हणून ब्रेकरवर 'डीसी' लिहिलेलं बघूनच घ्या. सोलरच्या दुकानात डीसी एमसीबी मिळतो, पण तो पाणी न शिरणाऱ्या डब्यात बसवावा लागतो.

किती अँपिअरचा?
मोटारीच्या पाटीवर जास्तीत जास्त करंट लिहिलेला असतो. ब्रेकर त्याच्यापेक्षा थोडा वरचा घ्या. ३० अँपिअरच्या मोटारीला ४०, ५० अँपिअरच्या मोटारीला ६०. पण लक्षात ठेवा, ब्रेकर वाचवतो तो वायरीला. घरची अडीच चौरस मिलिमीटरची वायर लावून ६० चा ब्रेकर बसवला, तर ब्रेकर पडायच्या आधी वायरच वितळेल. ५० अँपिअरच्या मोटारीला १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक केबल घ्या, ३० अँपिअरला १० ची चालेल. बारीक वायरीत व्होल्टेजही पडतं, मोटारीचा जोर कमी होतो.

बसवायचं कसं?
१. चार्जर काढा आणि थोडा वेळ थांबा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो ठिणगीनं पेटतो. काम मोकळ्या हवेतच करा.
२. बॅटरीची आधी मायनस, मग प्लस वायर सोडा.
३. ब्रेकर प्लस वायरीवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात बसवा. बॅटरी ते ब्रेकर एवढ्या वायरीला कोणतंच संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. बॅटरीच्या बंद खोक्यात मात्र ब्रेकर ठेवू नका.
४. ब्रेकरवर 'बॅटरी' आणि 'लोड' किंवा प्लस-मायनसच्या खुणा असतील तर त्याप्रमाणेच जोडा. उलटा जोडला तर काही डीसी ब्रेकर ठिणगी विझवू शकत नाहीत.
५. वायरीच्या टोकाला थिंबल दाबून बसवा, नट पान्यानं घट्ट करा. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी चालणार नाही.
६. ब्रेकर बंद ठेवून आधी प्लस, शेवटी मायनस जोडा.
७. पंखा पाण्यात ठेवून दहा मिनिटं मोटर चालवा. मग ब्रेकर बंद करून थिंबलला हात लावा. चटका बसला तर जोडणी ढिली आहे.

ब्रेकर उन्हात ठेवू नका. मे महिन्यात तापलेला ब्रेकर कमी करंटवरही पडतो.

पाण्यात असताना ब्रेकर पडला तर आधी मोटारीचा स्विच बंद करा, पंखा बघा, अडकलेलं काढा, मगच ब्रेकर चालू करा. पुन्हा पडला तर वल्ह्यानं काठावर या. ब्रेकरला वळसा घालून सरळ वायर जोडणं म्हणजे आगीला बोलावणं. म्हणून मोटर असली तरी वल्हं आणि लाइफ जॅकेट डोंग्यात पाहिजेच.

शंका असेल तर गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला सोबत घ्या, आणि मोटर वापरणाऱ्या आपल्या भावांपर्यंत ही माहिती पोहोचवा.