विमानाचा ‘ॲटिट्यूड’ म्हणजे काय? वांद्र्याच्या समुद्रावर १०१ सेकंदांत काय घडलं होतं?

१ जानेवारी १९७८. नव्या वर्षाची पहिलीच रात्र. सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ दुबईला जायला निघालं. विमानात १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत ते वांद्र्यासमोर अरबी समुद्रात कोसळलं. २१३ जणांपैकी कुणीही वाचलं नाही.

सुरुवातीला घातपाताचा संशय घेतला गेला. पण समुद्रातून काढलेल्या अवशेषांमध्ये स्फोटाचा किंवा आगीचा पुरावा मिळाला नाही. मग उडू शकणारं विमान समुद्रात गेलं कसं?

हे समजून घ्यायचं तर आधी एक शब्द समजून घ्यायला हवा, ॲटिट्यूड. रील्समध्ये ॲटिट्यूड म्हणजे तोरा. वैमानिकाच्या भाषेत मात्र ॲटिट्यूड म्हणजे क्षितिजाच्या तुलनेत विमान कसं आणि किती कललंय ते.

पिच, रोल आणि यॉ

उजवा हात समोर धरा, तळवा जमिनीकडे. हे झालं तुमचं विमान. बोटं म्हणजे नाक, अंगठ्याची आणि करंगळीची बाजू म्हणजे दोन पंख.

आता बोटं वर किंवा खाली करा. हा पिच. शेपटीवरच्या आडव्या पंखांना मागच्या कडेला हलणारे भाग असतात, त्यांना एलिव्हेटर म्हणतात. वैमानिक कंट्रोल मागे ओढतो तेव्हा नाक वर जातं, पुढे ढकलतो तेव्हा खाली येतं.

हात सरळ ठेवून फक्त मनगट फिरवा, म्हणजे अंगठा खाली आणि करंगळी वर. हा रोल. यासाठी दोन्ही पंखांच्या टोकांजवळ एलेरॉन असतात. एका पंखावरचा वर उचलला की दुसऱ्यावरचा खाली जातो आणि विमान एका कुशीवर कलतं.

आता हात आडवाच ठेवून बोटं डावीकडे-उजवीकडे वळवा. हा यॉ. शेपटीच्या उभ्या पंखावरचा रडर हे काम करतो. तो वैमानिकाच्या पायाखालच्या पेडलने चालतो.

या तीन कोनांत विमानाची कोणतीही स्थिती सांगता येते.

मग विमान वळतं कसं?

अनेकांना वाटतं, होडीसारखं रडर फिरवलं की विमान वळतं. प्रत्यक्षात विमान बाइकसारखं वळतं, म्हणजे ज्या बाजूला जायचंय त्या बाजूला कलून. पंखांमुळे वर उचलणारा जोर तयार होतो. विमान कललं की त्यातला काही जोर बाजूला लागतो आणि विमान वळतं. रडर हे वळण नीटनेटकं ठेवतो.

पण याची किंमत असते. जितकं जास्त कलाल, तितका विमानाला वर धरून ठेवणारा जोर कमी उरतो. म्हणून प्रवासी विमानं सहसा ३० अंशांपलीकडे कलवत नाहीत. पंख ९० अंशांत उभे झाले, तर सगळा जोर आडवा लागतो आणि विमानाचं वजन पेलायला काहीच उरत नाही. हा ९० चा आकडा लक्षात ठेवा.

यॉ बघायचा असेल तर पावसाळ्यात घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरणारी विमानं नीट बघा. रनवेचं नाव २७, म्हणजे दिशा साधारण २७० अंश, थेट पश्चिम. नैऋत्येचा जोरदार वारा असला की विमान नाक थोडं डावीकडे ठेवून तिरकंच येतं. चाकं टेकायच्या जरा आधी वैमानिक रडर वापरून नाक रनवेच्या रेषेत आणतो.

शरीर खोटं बोलतं

अंधेरी स्टेशनवर तुम्ही थांबलेल्या लोकलमध्ये आहात आणि शेजारची लोकल सुटते. क्षणभर वाटतं, आपलीच सुटली. विमानात हा घोळ जिवावर बेतू शकतो.

आपल्या कानाच्या आत द्रव भरलेल्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं फिरलं की त्यातला द्रव मागे राहतो आणि मेंदूला हालचाल कळते. पण विमान अगदी हळू कललं, तर ते कळतच नाही. वळण काही काळ सारखंच राहिलं, तर द्रवही त्या वेगाला येतो आणि मेंदूला वाटतं आपण सरळ चाललोय. नीट घेतलेल्या वळणात कपातला चहासुद्धा एका बाजूला सरकत नाही.

दिवसा खिडकीतून क्षितिज दिसतं, त्यामुळे चूक लगेच कळते. रात्री समुद्रावर मात्र खाली-वर सगळा अंधारच असतो.

म्हणून कॉकपिटमध्ये ॲटिट्यूड इंडिकेटर असतो. वर आकाशाचा रंग, खाली जमिनीचा आणि मध्ये क्षितिजाची रेघ. जुन्या विमानांत यामागे जायरोस्कोप असायचा, म्हणजे एक प्रकारचा भोवरा. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही, हेच त्याचं तत्त्व. भोवती विमान कितीही कललं तरी जायरो आपल्या जागी राहतो आणि त्यावरून कल मोजता येतो.

त्या रात्री काय झालं?

‘सम्राट अशोक’ने पश्चिमेकडे उड्डाण केलं. समुद्रावर पोहोचताना विमानाने उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि ते पुन्हा सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचा इंडिकेटर विमान अजून उजवीकडेच कललंय असं दाखवत राहिला. शहराचे दिवे मागे पडले होते आणि समोर काळोख होता.

कॅप्टनने ‘सरळ’ करण्यासाठी विमान डावीकडे कलवलं. इंडिकेटर बदलेना, म्हणून आणखी कलवलं. सहवैमानिकासमोर वेगळा इंडिकेटर होता आणि तिसरा राखीवही होता. फ्लाइट इंजिनीअरने बिघडलेल्या इंडिकेटरवर विसंबू नका असं सांगायचा प्रयत्न केल्याचं कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगवरून समजतं. पण विमान दोन हजार फुटांपेक्षाही खाली होतं आणि हातात काही सेकंदच उरले होते. डावा कल १०८ अंशांपर्यंत गेला, म्हणजे पंख उभ्याच्याही पलीकडे. नाक खाली झालं आणि विमान समुद्रात गेलं.

चौकशीचा निष्कर्ष असा होता की, बिघडलेल्या इंडिकेटरमुळे कॅप्टनला विमानाच्या स्थितीची जाणीव राहिली नाही आणि बाकीच्या उपकरणांच्या आधारे विमान सावरता आलं नाही. पुढे विमान आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत खटला चालला. १९८५ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्यांच्यावरचे निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले.

धडा काय?

२२ डिसेंबर १९९९ ला लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून उडालेलं कोरियन एअरचं मालवाहू ७४७ जवळपास याच पद्धतीने कोसळलं. रात्रीची वेळ, कॅप्टनचा बिघडलेला इंडिकेटर आणि डावीकडे वाढत गेलेला कल. तिथे तर धोक्याचा इशारा वाजला होता आणि फ्लाइट इंजिनीअर विमान कलत असल्याचं सांगत होता. सहवैमानिक मात्र काहीच बोलला नाही. चौघांचा जीव गेला.

आज बहुतेक मोठ्या विमानांत फिरत्या जायरोऐवजी लेझर जायरो असतात. वेगवेगळ्या इंडिकेटरमध्ये फरक पडला तर स्क्रीनवर सूचना येते. विमान जास्त कललं तर ‘बँक अँगल’ असा आवाजही येतो.

पण वैमानिकाला शिकवलं जातं ते साधंच आहे. अंधारात किंवा ढगात शरीराला काय वाटतंय त्यावर जायचं नाही, उपकरणं बघायची. एकाच उपकरणावरही जायचं नाही, तिन्ही ताडून बघायची. दोन जुळतात आणि एक वेगळं सांगतं, तर वेगळ्यावर संशय घ्यायचा. आणि शेजारी बसलेल्याला चूक दिसली, तर समोरचा कितीही सीनिअर असो, त्याने स्पष्ट बोलायचं.